जिंजाला राहिलेला पाटा

तुम्ही हसा, पण आमच्या प्रकाशा गावाहून थेट आफ्रिकेतल्या जिंजापर्यंत तो पाटा मी वाहिलाय. तिथल्या कापसातली सरकी काढणाऱ्या जिनात मला तीन वर्षांसाठी फिटरचं काम लागलं, आणि आमच्या मंडळींनी घरातला पाटा-वरवंटाच गोणपाटात बांधला. बोटीतून उतरलो तर जकातीवरचा साहेब विचारतो, "आफ्रिकेत दगड नसतात असं कोणी सांगितलं तुम्हाला?" मी कपाळाला हात लावला!

तीनही वर्षं ही बाई चटणी वाटता वाटता घरी न्या म्हणून रडायची, "मले घर लई चाला." मुदत संपली, तर निघताना पुन्हा गोणपाट काढलं! मी हात जोडले. "अवो, आपला गावमा दगडसना तोटा शे का?" पाटा शेजारणीला देऊन टाकला.

घरी आईनं तोवर नवा पाटा घेतला होता. पहिल्याच दिवशी हिनं त्यावर ठेचा वाटला, बोटभर चाखला आणि डोळ्यांना पदर लावला.

"याले तठली चव नही."

माझं डोकंच फिरलं. "मंग परत जिंजाले जानं शे का?"

"मी कसाले जाऊ? तुम्ही जा. मन्हा पाटा लई या."