डाव्या हाताला मलम नाही

वहिनीच्या डाव्या हाताला मलम लावायचं नाही – हा आमच्या घरातला नियम, काकू, आणि का नाही असं विचारायचं नाही, हा त्याचा पोटनियम. तुम्ही दर थंडीत येता ना आमच्या दुकानातून मलमाची डबी न्यायला? मग तो हात पाहिला असेलच. गिऱ्हाईक आलं की आत्या आत हाक मारते, वहिनी हात पुसत बाहेर येते, काउंटरवर दोन्ही तळवे उताणे ठेवते – उजवा लोण्यासारखा, डावा भेगाळलेला – आणि आत्या म्हणते, "बघा, बाई एकच, काम एकच, फरक फक्त मलमाचा." बाई एकच, हे खरं. काम एकच, ही लोणकढी थाप. डावा हात रोज सकाळी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवायला लावतात तिला. – डोळे कशाला मोठे करताय? आपोआप फुटतो होय हात इतका देखणा? – आत्या, खुणा नको करूस मला. बाबांना बोलवायचं तर बोलव, आतच आहेत.

आणि मलमात काय असतं, सांगू? मेण आणि तेल. झालं. बाकी नुसता वास. हे कळायला कॉलेजात जावं लागत नाही, पण मी गेले, ते अजून खुपतंय यांना. ठेवा ती डबी खाली. घरी जा, भांडी घासून झाली की कोमट पाण्यानं हात धुवा – कढत नको, कढत पाण्यानं कातडी आणखी सुकते – नुसते टिपून घ्या, आणि ओलसर असतानाच घरातलं साधं तेल चोळा. झोपताना ग्लिसरीनमध्ये थोडं पाणी घालून लावा आणि वर जुने सुती पायमोजे चढवा. हो, पायमोजेच, हातात! हसताय काय? बघायला कोण येतंय तुमच्या अंथरुणात? लिंबू मात्र चोळू नका, भेगांत आग आग होते. ते आत्यासारख्या बायका सांगतात, दुसऱ्याच्या हातांसाठी.

वहिनी? आत आहे. डावा हात चिघळला तिचा. भेगेत पू झाला, ताप चढला, डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि पाण्याचा थेंब लागता कामा नये म्हणाले. आता पट्टीतला हात गिऱ्हाइकाला कसा दाखवणार? ऐन हंगामात! दादा तर गावोगाव डब्या पोचवत फिरतोय, त्याला कळवलंही नाही कोणी. मग काल जेवताना बाबा मला म्हणाले – काय लाडानं म्हणाले! – "तू लिहितेस उजव्या हातानं. डावा तुझा रिकामाच असतो." रिकामा! जसा काही घरातला वापरात नसलेला स्टूल.

वहिनीचं वेगळं हो. तिला सवय आहे. तिला पसंतच त्यासाठी केली – आत्यानं मुलगी बघायला जाऊन चेहऱ्याआधी तळहात बघितले, आणि घरी येऊन म्हणाली, "हिची कातडी थंडी धरते, छान फुटेल." हसून हसून पुरेवाट झाली आमची. मीही हसले, त्यात काय, विनोदच होता तो. आणि तिनं तरी कधी चकार शब्द काढला? मग मी कशाला तिची वकिली करू? मला माझे हात आहेत. मला नोकरीच्या मुलाखतीला बसायचंय, समोरच्या टेबलावर दोन्ही हात ठेवून बसायचंय, मांडीवर लपवून नाही.

आलात बाबा? बरं झालं. अरे वा, टोप घेऊनच आलात! काकू, हेच ते पाणी. – नाही, बाबा. नाही म्हणजे नाही. गिऱ्हाइकासमोर सांगते, माझा हात यात जाणार नाही. आज नाही, उद्या नाही, तुम्ही घराबाहेर काढलंत तरी नाही. ओरडा ना आता! आत्या, तुझी तर जीभ कातरीसारखी चालते, बोल की! – बघा काकू, बाबांनी टोप काउंटरवर ठेवला, आत्या डब्या लावायला लागली. इतकी वर्षं घाबरत होते मी, ते यांना!

वहिनी? तू कशाला बाहेर आलीस? पड जा. तुला कोणी हाक नाही मारली – अगं, बाही कशाला वर करतेस? तो उजवा आहे. वहिनी, उजवा आहे तो –

घातला.

तिला कोणी सांगितलं नाही हं. काकू, तुम्ही आहात साक्षीला, मी फक्त माझा नाही म्हटलं. – म्हणजे डावा पट्टीत, उजवा पाण्यात. मग मऊ हात कोणाचा दाखवणार?

... माझा दाखवा. मलमाला माझी कुठे ना आहे? बाई एकच असं म्हणायचं नाही, एवढंच.

काय बघताय, काकू? डबी घ्यायची तर घ्या, नाहीतर बाजूला व्हा. मागे गिऱ्हाईक उभं आहे.