हिरकणी कक्षातले भाऊ

हिरकणी कक्षाबाहेर पुरुषाच्या चपला दिसल्या, तिथंच मला शंका आली बघा. वहिनीसोबत अकोल्याहून अचलपूरला निघाले होते. वाटेतल्या स्टँडवर तिचं तान्हं भुकेनं रडायला लागलं, आणि आयांसाठीच्या त्या खोलीला आतून कडी! दार वाजवलं, तर आत घोरणं.

"तिकडं कोपऱ्यात पाजा न बाई, कोन पायते?" शेजारच्या चौकशी खिडकीतले एसटीचे कंट्रोलर म्हणाले.

मी कोपऱ्याकडं निघालेच होते. वहिनी हलली नाही. "काहून कोपऱ्यात? खोली आमच्या हक्काची हाये," म्हणत तिनं खिडकीतून हात घालून त्यांचा घोषणेचा माईकच उचलला.

"हिरकणी कक्षात घोरून राहिलेले भाऊ! लेकरू भुकेलं हाये. तुमाले पाजता येत असन तं आतच राहा, नाही तं बाहेर या!"

अख्खं स्टँड त्या दाराकडं वळलं. काय बाई आहे हो!

आतून आवाज आला, "निंगलो वं माय, निंगलो!"