नुसतं वर बसलेलं वेल्डिंग

नाही, जोड गुळगुळीत आहे ते दिसतंय मला, डोळे शाबूत आहेत माझे — पण साहेब, मी विचारतोय काय आणि तुम्ही सांगताय काय? करंट किती ठेवला होता? एकशे वीस. वा! आणि पट्टी? बारा एमएम. कडा तासल्या? नाही. निदान वरची काळी साल तरी घासून काढली? तीही नाही — का, तर व्हिडिओतल्या माणसाने घासली नव्हती! धन्य आहे. आणि हे तुम्ही ट्रॅक्टरच्या पुढे लावणार, त्यावर चारशे किलो वर उचलणार, आणि ओझं नीट बसलंय का ते बघायला खाली उभं कोण राहणार, तर बायको. वर मलाच विचारताय, वेल्डिंगला वायरचं मशीन बरं की रॉडचं! मग रंग कोणता द्यायचा तेही विचारून टाका की.

आणा इकडे, व्हाइसच्या जबड्यात धरतो. अहो, घाबरता कशाला, चांगलं असेल तर टिकेल. मागे सरा जरा. ... झालं. हातोड्याच्या एका घावात! दुसरा मारायची वेळच आली नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. बघा, नीट बघा — तुमचं वेल्डिंग अख्खंच्या अख्खं सुटून आलं, आणि खालचं लोखंड काळंच्या काळं, वितळलेलंच नाही. टेबलावर मेणबत्तीचं मेण सांडतं ना, तसं नुसतं वर बसलं होतं. घरगुती वायरच्या मशीनचं हेच असतं, जाड पट्टीवर ताकद पुरत नाही पण दिसतं मात्र झकास. रॉडचं काम बिघडलं तर बिघडलेलं दिसतं तरी, शेंबडं पोरही सांगेल. म्हणून घरी करणाऱ्याने रॉडच धरावा — कडा तासायच्या, साल घासायची, तीन थर द्यायचे, प्रत्येक थरावरचा मळ ठोकून काढायचा, आणि रंग सगळ्यात शेवटी. रंगाची घाई करणारा काहीतरी लपवत असतो, माझ्याकडून लिहून घ्या.

मी? मी नाही करून देणार. फाटकं, खिडक्या, जिन्याचे कठडे — बाहेर पाटीवर तेवढंच लिहिलंय. ओझं उचलायच्या वस्तूंचं काम अकरा वर्षं झाली घेत नाही. येत नाही म्हणून नव्हे हो! या भागात वायरचं पहिलं मशीन कुणी आणलं? मी. आणि त्यावर पहिलं काम कुणाचं केलं? आमच्या दादाचं. ट्रॅक्टरची पुढची बकेट. अस्संच गुळगुळीत, आणि त्याच संध्याकाळी वर लाल रंग. दादा तर येणाऱ्याजाणाऱ्याला धरून दाखवायचा, धाकट्याचा हात बघा म्हणून. चौथ्या दिवशी बकेट भरून वर उचलली, काहीतरी वाजतंय म्हणून खाली उतरून वाकून बघायला गेला, आणि जोड सुटला. पाय गुडघ्याखालून गेला. माणसं धावली, वहिनी नुसती किंचाळत होती, आणि मी — मी आधी तुकडे उचलले. दादाला नंतर. म्हणजे त्याला उचलायला होते की सगळे! सहा जण होते, मी सातवा तिथे काय करणार होतो? जोडाचं तुटलेलं तोंड दिसलं होतं ना मला, काळंच्या काळं. इथे आणलं, ग्राइंडर फिरवला, पाच मिनिटांत चकाचक. मग गेलो हॉस्पिटलमध्ये.

तो अजून म्हणतो, 'मीच जास्त भरलं, जोडाचा काय दोष.' वहिनीला तर जेवताना रोज तेच सुचतं — हाव नडली तुम्हाला, हाव. तो मान खाली घालून जेवत राहतो, आणि शेजारी मी, मूग गिळून. वर मलाच आग्रह करते ती, 'भाऊजी, घ्या ना अजून, तुमच्यामुळे आम्ही तरलो.' लाज वाटते. तरी घेतो.

काय? दादाला? ... त्याला आता काय सांगायचं, अकरा वर्षांनी? उचलली जीभ लावली टाळ्याला! तुम्ही मशीन विचारायला आला होतात ना? रॉड. सांगितलं, संपलं. आणा ते तुकडे, जरा घासून साफ करून — नाही. नको. घेऊन जा असेच. खिशात लपवू नका, हातात धरून न्या, आणि घरी गेल्या गेल्या बायकोला ते तुटलेलं तोंड दाखवा. सांगा तिला, मी जोडलं होतं आणि याच्याखाली तू उभी राहणार होतीस. दाखवाल? ... हो म्हणता? लगेच? एवढं सोपं असतं होय? ... निघा. निघा म्हटलं ना, मला कामं आहेत.