दादाची मूठ

तुम्हीच सांगा, भरवसा ठेवायचा कुणावर, डोळ्यांवर की हातावर? मी बापडा हातावर ठेवला आणि बसलोय असा... तुम्हाला सांगतो, शाळा चौथीत सुटली, पण काठ्यांच्या धंद्यात एवढं शिकलो की गिऱ्हाईक बघतं डोळ्यांनी आणि घेतं हातानं. पॉलिशची मूठ घामानं निसटते, लोखंडाची दवाखान्यातल्या कॉटसारखी गार लागते, मग म्हातारं माणूस काठी ठेवून देतं आणि म्हणतं, "बघू, मुलाला विचारून येतो." हाताला कळतं हो.

म्हणून म्हटलं, मऊ रबराची मूठ काढू. नमुना कुठला? आमचा थोरला भाऊ, दादा, गेल्या वर्षी गेला, त्याची काठी कोपऱ्यात उभी होती, ती दिली साचेवाल्याला. "हुबेहूब काढ," म्हटलं. तर त्या पठ्ठ्यानं दादाच्या अंगठ्यानं झिजून पडलेला खळगासुद्धा उतरवला! आणि रबर तरी कसलं, धरलं की ऊब धरतं...

पहिलं गिऱ्हाईक निवृत्त मास्तर. मूठ धरली आणि चेहरा उतरला. "शेठ, हिनं माझा हात धरलाय." म्हटलं, "मास्तर, तुम्ही तिला धरलंय." "नाही हो, उलटं आहे." आता दादा होताच तसा, गिऱ्हाइकाचं मनगट धरलं की माल घेईपर्यंत सोडायचा नाही. मास्तरांनीही घेतलीच काठी, घाबरत घाबरत. सगळेच तसे, भितात आणि घेतात, कुणालाच सोडवत नाही. मी स्वतः त्या काठ्या फडक्यानं उचलायचो. हाताला कळतं, काय करणार?

एवढ्यात आमच्या वहिनी, दादाची बायको, दुकानात आल्या. एक मूठ धरली, डोळे मिटले. मला वाटलं, आता रडणार. कसलं काय.

"भावोजी, जन्मभर चारचौघांत माझा हात धरायला लाजले, आणि आता परक्यांचे हात धरून गावभर हिंडताहेत?"

"वहिनी, रबर आहे हो ते."

"मला नका शिकवू. हाताला कळतं."

झालं. साचा फोडायला लावला, उरलेल्या काठ्या घरी नेल्या. आता विकलेल्याही परत हव्यात. मास्तर देईनात, म्हणतात, "बाहेर पडलं की सोबत वाटते." आणि इकडे वहिनी रोज संध्याकाळी एकेक मूठ चाचपतात आणि मला विचारतात, "बाकीचे हे आज कुणाबरोबर आहेत?"

तेव्हा तुमच्यापैकी कुणाकडे काठी असेल तर ठेवून घ्या, माझी ना नाही. फक्त दादा कुठे कुठे गेला, कुणाकुणाचा हात धरला, तेवढा हिशेब प्रामाणिक ठेवा, बाबांनो. उत्तर मला द्यावं लागतं.