मोराची फळी

हसू नका, पण माझ्या धाकट्या जावेला माहेरून पलंग आला, उशाच्या फळीवर मोर कोरलेला, आणि माझा जीव जळायला लागला. मी सिन्नरहून रहीमचाचा सुतारांना बोलावलं. आमच्या साध्या पलंगासाठी तिच्या मोराहून दुप्पट मोठ्या मोराची फळी करून घेतली.

म्हटलं, "चाचा, येताजाता दारातून दिसेल अशी समोरच्या भिंतीलाच ठोका. हलता कामा नये."

त्यांनी वीतभर मोळे भिंतीत घातले.

सासूबाईंनी पाहिलं. "अगं, ही उत्तर. उत्तरेला डोकं करून निजणार तुम्ही?"

फळी काही निघेना. मग उशा दक्षिणेला गेल्या आणि पाय मोराकडे आले.

जाऊ बघायला आली. "तुमचा मोर माझ्या मोरापेक्षा मोठा आहे हो, जाऊबाई. पाय चेपायला ठेवलाय का?"

मी म्हटलं, "हो. तुझा नाही चेपत?"