आडव्या पडलेल्या मेणताडाबाबत

नाव : लिओनिदास सुलुआगा. वय : चौऱ्याहत्तर. धंदा : निवृत्त प्राथमिक शिक्षक, हल्ली पिवळकान पोपट रक्षक मंडळाचा राखणदार. राहणार : वरची आळी, सांता ब्रिखिदा, कोलंबिया.

समक्ष हजर राहून सांगतो की, माझ्या लहानपणी सकाळी शाळेच्या कौलांवरून पिवळ्या कानांच्या पोपटांचा थवा जाई. आवाज गोड नव्हता. गावातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्या एकदम करकराव्यात तसा होता. आम्ही म्हणत असलेली कविता दुसऱ्या कडव्याला थांबे आणि थवा डोंगराआड गेला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. पुढे मी त्याच शाळेत शिक्षक झालो. तेव्हा कविता न थांबता शेवटपर्यंत जाऊ लागली होती.

ठाणे अंमलदार ओस्पिना हे माझे विद्यार्थी. ते म्हणाले, "गुरुजी, हे नको. घटना सांगा."

सांगतो. आमच्याकडे ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये मेणताडाच्या, म्हणजे आमच्या डोंगरातल्या उंच ताडाच्या, झावळ्यांना आशीर्वाद घेतात आणि घरी दारामागे टांगतात. वादळ आले की त्यातले एक पान चुलीत जाळायचे, म्हणजे घरावर वीज पडत नाही. झावळ्यांपायी ताड जातात, आणि हा पोपट मेणताडाच्या वाळक्या, उभ्या खोडाच्या ढोलीतच अंडी घालतो. म्हणून मंडळाने फादरांना गळ घालून यंदा मक्याची पाने आणण्याचे ठरवले. चर्चमध्ये उभे राहून ते मीच जाहीर केले. माझी थोरली बहीण एदुविखेस पुढच्या बाकावर होती. ती सर्वांदेखत म्हणाली, "लिओ, तुझा मका वीज अडवणार होय रे? माझा माणूस गेला, त्या वर्षी दारामागं झावळी नव्हती." कोणी हसले नाही. तिचे यजमान कुरणात वीज पडून वारले आहेत.

काल शनिवारी सकाळी मी उतारावर राखणीला होतो. ढोलीत दोन पिल्ले होती. गुळाचे गरम पाणी प्यायला खालच्या झोपडीत गेलो असता यंत्रकरवतीचा आवाज आला. मी धावलो. पोचलो तेव्हा हिरवा मेणताड आडवा झाला होता. पडताना त्याने शेजारचे वाळके खोड ढोलीसकट सोबत नेले होते. एक पिल्लू मेलेले मिळाले. दुसरे पुष्कळ शोधूनही मिळाले नाही. नर-मादी वर फिरत होती. त्यांच्या आवाजाबद्दल काही लिहू नये.

करवत नाबोर या मजुराच्या हातात होती. तो पळाला नाही. मी विचारले, "कुणासाठी रे?" तो म्हणाला, "गुरुजी, मला खुशाल आत घाला, पण तेवढं विचारू नका." सध्या तो याच ठाण्याच्या कोठडीत आहे.

उताराखाली एक बाई खांद्यावर झावळी घेऊन जाताना दिसली. पाठमोरी होती. ओळखता आली नाही.

अंमलदार म्हणाले, "फळ्याकडे तोंड करून असायचात, तरी मागं कोण बोललं ते सांगायचात. आणि आपल्या गावातली पाठमोरी बाई ओळखू येईना?"

"तेव्हा कान चांगले होते."

"मी डोळ्यांचं विचारतोय."

"काळी शाल होती. लिही."

"काळी शाल सगळ्याच घेतात, गुरुजी."

"म्हणून तर म्हणतो, लिही."

ते म्हणाले की पाडायला लावणाऱ्याचे नाव नसेल, तर सगळे एकट्या नाबोरच्या गळ्यात पडेल. ते मला समजले आहे.

बहिणीबद्दल विचारल्यावरून सांगतो की, तिचे गुडघे धरलेले असून ती अंगणापलीकडे जात नाही. चर्चमध्ये तिला खुर्चीतून उचलून नेतात. नाबोर तिची लाकडे फोडून देतो, याहून अधिक संबंध मला माहीत नाही.

मंडळाचे म्हणणे काय, असे विचारले. मंडळाचे मला माहीत नाही. मी थकलो आहे. इतक्या वर्षांच्या राखणीनंतर अलीकडे शाळेवरून पुन्हा थवा जाऊ लागला आहे, लहानसा का होईना. मुले माना वर करतात. पोपटाचा वैरी कुठून बाहेरून आला असता, तर नाव सांगायला सोपे गेले असते.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच उतरला असून खरा आहे, एवढे लिहून झाले. सहीसाठी मी पेन हातात घेतले. बाहेरून मक्याची पाने घेतलेली मिरवणूक चालली होती, तिच्याकडे पाहत होतो. तोच दारात एदुविखेस उभी राहिली. खुर्ची नाही, कोणाचा आधार नाही. गुडघ्यांपर्यंत उतारावरचा चिखल. काळी शाल अंगावर नव्हती. गुंडाळी करून पोटाशी धरली होती, आणि गुंडाळीच्या आत एक बिजागरी करकरत होती.

"लिओ, ह्याला काय भरवायचं ते सांग आधी," ती म्हणाली. "तुझ्या मक्याला तोंड लावत नाही."

मी पेन खाली ठेवले.