दार उघडायला लागणारे नऊ सेकंद

सन्माननीय अध्यक्ष आणि या कंपनीचे मालक, व्यासपीठावर बसलेले प्रसिद्धी विभागाचे साहेब, आज ज्यांना आपण निरोप देतोय त्या आमच्या ताई, त्यांचे यजमान, सर्व कर्मचारी आणि माझ्यासारखे दुकानदार मित्रहो,

ताईंच्या गोड आठवणी सांगायला मला बोलावलंय. दोन मिनिटांत आटपा, असंही कानात सांगितलंय. माझं शिक्षण बेताचं, पण कान तिखट. मी ऐकलं. पाळेन असं म्हणालो नव्हतो.

चोवीस वर्षं मी या कंपनीचे व्हिडिओ गेम विकतोय. ताई इथे गेम तपासायच्या. गेममधला एकेक जिना शंभरदा चढून-उतरून कुठे अडतंय ते लिहून द्यायच्या. तुमचा पहिला गाजलेला गेम आठवा. वाटसरू भिजत येतो, सराईचं दार ठोठावतो. तेव्हाच्या यंत्राला पुढची खोली दाखवायला नऊ सेकंद लागायचे. तोवर पडदा काळा. सगळे डोकं धरून बसलेले. ताई म्हणाल्या, "अहो, दार ठोठावल्यावर आतून कुणीतरी येतंच ना? मग येऊ दे की." आणि नटी परवडत नव्हती म्हणून स्वतःच आजीच्या आवाजात बोलल्या, "आले रे बाबा, आले. चप्पल कुठे गेली मेली?"

माझ्या दुकानात एक बाप आपल्या लेकीला सांगत होता, "बटण दाबू नकोस गं, आजी चप्पल शोधतेय." हे मी या कानांनी ऐकलंय.

आणि गेल्या महिन्यातला तो सोहळा. नव्या आवृत्तीची पहिली झलक. सहाशे जुने चाहते, काही तर पोरंबाळं घेऊन आलेले. पडद्यावर वाटसरूनं दार ठोठावलं आणि सगळं सभागृह एका सुरात म्हणालं, "आले रे बाबा, आले..." नव्या यंत्रावर दार तर केव्हाच उघडलं होतं, आजीला काढूनच टाकलं होतं. सहाशे जणांच्या तोंडात चप्पल तशीच राहिली. हसताय काय? प्रसिद्धीचे साहेब, तुम्ही मंचावरून काय म्हणालात? "कृपया शांतता राखा." आणि वर, "आता एक सेकंदही थांबावं लागणार नाही." लोकांनी शांतता राखली, अगदी शेवटपर्यंत. टाळ्या वाजल्या त्या तुमच्या स्पीकरमधून. आम्हाला काय, कळत नाही?

ताई माझ्या शेजारी होत्या. हळूच म्हणाल्या, "माझा आवाज म्हातारा झाला असेल हो."

मी म्हटलं, "ताई, तो पहिल्या दिवसापासून आजीचाच आहे." त्या हसल्या नाहीत.

पुढे तुमचा अहवाल आला: जुने चाहते बदलाला तयार नाहीत. अहो, ते तयारच बसले होते, तुम्हीच त्यांचं वाक्य अर्ध्यात तोडलंत. आणि आज वर येताना जिन्यात तुमच्याच माणसाचं बोलणं कानावर आलं, "आज गुच्छ देऊन होऊ दे, उद्या ते रेकॉर्डिंग पुसून टाकू." गुच्छ द्यायचा आणि आवाज पुसायचा, याला तुम्ही निरोप म्हणता?

अध्यक्षसाहेब, गेम बाजारात यायला अजून सहा आठवडे आहेत. आजी दाराशी येणार की नाही? नुसती मान हलवू नका. होकार आहे की मान अवघडलीय, ते मागच्या रांगेला कळत नाही.

बोलू दिलंत, त्याबद्दल आभार. एखादा शब्द वाकडा गेला असेल तर पोटात घाला. रागाची मात्र माफी मागत नाही, तो मी घरूनच तोलूनमापून आणलाय. आता हा माईक अध्यक्षांच्या हातात देतो. ताई समोरच बसल्यात. त्यांच्याकडे बघून सांगा.